आवाज करणारा कॅमेरा

जुना कॅमेरा काढून टाक, असं मला आधी भाच्यानं सांगितलं, मग शेजारणीनं, मग खांद्याच्या डॉक्टरनं. डॉक्टरचं मी ऐकलंही असतं, कारण खांदा खरंच दुखतो. पण त्यानं कॅमेरा हातात न घेताच निकाल दिला आणि ते मला खपत नाही. जबलपूरच्या रिछाईतल्या एका कारखान्यात मी तीस वर्षं तयार माल तपासायचं काम केलं. नग हातात घ्यायचा, गेज लावायचं, मग पास म्हणायचं किंवा रिजेक्ट. मोजल्याशिवाय शिक्का मारू म्हणणाऱ्या साहेबावरसुद्धा मी आवाज चढवलेला आहे, मग हा डॉक्टर कोण लागून गेला!

तर भाचा. माझ्या मोठ्या बहिणीचा मुलगा, बंगळूरला नोकरीला. दिवाळीत तो माझ्यासाठी नवा कॅमेरा घेऊन आला. याची लेन्स काढता-बदलता येत नाही, एकच काय ती, पण ती साठ पट जवळचं दाखवते. दिसायला माझ्या जुन्या डीएसएलआरसारखाच, उचलायला मात्र निम्मा. याला ब्रिज कॅमेरा म्हणतात, असं त्यानं मला समजावलं. धड साधा नाही, धड मोठा नाही, मधला.

"मावशी, आता तो डब्बा दे फेकून," तो म्हणाला. "पंधरा साल झाले यार त्याला."

"तुला चाळीस झाली," मी म्हटलं. "तुला फेकलं का आम्ही?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही कॅमेरे गच्चीवर नेले आणि रीतसर परीक्षा घेतली. खोटं कशाला बोलू, पहिल्या अर्ध्या तासात नव्यानं जुन्याला धूळ चारली. चार घरं पलीकडच्या टाकीवर साळुंकी बसली होती. जुन्यातून ती एक ठिपका होती. नव्यातून तिच्या डोळ्याभोवतीची पिवळी कड दिसली, चोचीतली काडी दिसली. कुणाच्या दोरीवरच्या टॉवेलचा उसवलेला काठही दिसला, आणि मी पटकन कॅमेरा खाली घेतला. हात हलला तरी चित्र हलत नव्हतं. खांद्याला तर पत्ताच लागला नाही की गळ्यात काही आहे.

संध्याकाळी पुन्हा गेले. उजेड उतरला तसा नव्याचा नूर पालटला. जिना, कुंड्या, तुळस, सगळं पाण्यात भिजलेल्या चित्रासारखं फिसकटायला लागलं. त्याच्या पोटात उजेड झेलणारा जो तुकडा असतो तो करंगळीच्या नखाएवढा, तो तरी काय करणार बिचारा. जुन्याचा तुकडा पोस्टाच्या तिकिटाएवढा आहे. त्यानं तुळशीचं पान न् पान वेगळं दाखवलं. शिवाय जुन्याच्या भोकातून पाहिलं की समोर आहे तेच डोळ्याला दिसतं, आरशातून आलेलं. नव्यात एक बारका टीव्ही आहे. आणि नवा फोटो काढताना हूं की चूं करत नाही. जुना खटॅक करतो, एवढ्या जोरात की मांजर उठून जातं. भाच्याला हा दोष वाटला. मीही वहीत तो दोष म्हणूनच लिहिला.

निकाल लिहिला तो असा: पक्ष्यांना नवा, माणसांना जुना, दोन्ही राहतील, कुणी मध्ये बोलू नये.

हे इथेच मिटलं असतं. पण महिन्यावर ताईची, म्हणजे त्याच्या आईची, पंच्याहत्तरी आली होती. त्यासाठीच भाचा घरून काम करत सदर भागातल्या घरी तिच्याजवळ राहिला होता. हॉल ठरला, जेवण ठरलं, अडलं ते फोटोपाशी. आमच्याकडे पंच्याहत्तरीला मोठा फोटो करतात, हॉलच्या दाराशी ठेवतात आणि नंतर बैठकीत लावतात. तोच फोटो पुढे हार घालायच्या कामी येतो. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. तो काढायचं काम आमच्या नात्यागोत्यात माझ्याकडेच असतं. जबलपुरातल्या निदान वीस मराठी घरांच्या भिंतींवर माझे फोटो आहेत आणि त्यातल्या निम्म्यांवर आता हार आहेत.

आणि ताईचा फोटो नव्हता. तीन वर्षांपूर्वी तिच्या तोंडावरून वारं गेलं. डावी बाजू बरीच सावरली, पण पूर्ण नाही. हसली की तोंड उजवीकडे ओढलं जातं, डावा डोळा मिटताना मागे राहतो. तेव्हापासून कुणी मोबाइल उचलला की ती उठून आत जायची. लाजते बिचारी, असं आम्ही आपसात ठरवून टाकलं. विचारलं कुणीच नाही, मीसुद्धा नाही.

"मावशी, नवीनवाला घेऊन जा न," भाचा म्हणाला. "तिलवाऱ्याला ती पौर्णिमेला जाते न? तू दूरसे काढ, उजव्या साइडनं. तिला पता पण नाही चलणार. मस्त येईल फोटो."

मला कल्पना आवडली. हे मी लपवणार नाही. इतकंच नव्हे, आपली अक्कल चालली नाही आणि पोराची चालली, याचं मला वाईटसुद्धा वाटलं.

पौर्णिमेला नर्मदेवरच्या तिलवाऱ्याच्या घाटावर ताई पायऱ्या उतरून गेली. गुडघे दुखतात सांगून मी वर नारळवाल्याच्या ठेल्यापाशी थांबले. मध्ये शे-दीडशे पावलांचं अंतर. ती पाण्यात पाय सोडून माशांना कणकेच्या गोळ्या घालत होती, पदर खांद्यावर, डोकं मोकळं. मी ठेल्याआडून नवा कॅमेरा वर केला, बटण दाबून धरलं आणि ताई सरसर जवळ आली. उजवा गाल, कानातली कुडी, कपाळावरची भुरभुरणारी बट. पाण्याचा उजेड चेहऱ्यावर हलत होता. तीन वर्षांत मी तिला इतकी निवांत पाहिलीच नव्हती. मी चाळीस फोटो काढले आणि आवाज एकाचाही झाला नाही.

"किसकी फोटो खींच रही हो, दीदी?" नारळवाल्यानं विचारलं.

"मछली की," मी म्हटलं.

घरी येऊन तपासले. एक फोटो असा होता की गेज लावून रिजेक्ट करायला फट सापडेना. पापण्या मोजून घ्या. वारं गेलेल्या बाजूचा मागमूस नाही. भाचा तर नाचलाच. दोन-तीन दिवसांत दुकानात देतो म्हणाला, तीन फूट बाय दोन. मी पास म्हटलं.

पण रात्रभर एकच प्रश्न डोक्यात फिरत राहिला. नारळवाल्याला मी खोटं का बोलले? आपल्या सख्ख्या बहिणीचा फोटो काढतेय, एवढं सांगायला काय झालं होतं? चोरी केल्याखेरीज माणूस असं पटकन खोटं बोलत नाही. दुपारी मी सदरला गेले. भाचा वरच्या खोलीत मीटिंगमध्ये होता. ताई स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. मी नवा कॅमेरा तिच्यापुढे धरला. खरं सांगते, ती खूश होईल अशी मला थोडी आशा होती.

तिनं चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"हा कधीचा?"

"कालचा. तिलवाऱ्याचा."

"अच्छा. आणि तू कुठं होतीस?"

"वर. नारळवाल्याजवळ."

तिनं कॅमेरा मेथीच्या बाजूला ठेवला, हळूच. "गुडघे दुखून राहिले म्हणालीस न तू?"

मी मेथीची एक काडी उचलून निवडायला लागले.

"काहून गं?" ती म्हणाली. "इतक्या लांबून काहून काढलास? जवळ यायची भीती वाटली तुला?"

"तुला आवडत नाही म्हणून... तू उठून जातेस न."

"मी काहून उठून जाते, विचारलंस कधी?" तिचा आवाज चढला. शाळेत शिकवताना तीस-तीस पोरांना गप्प करणारा तो जुना आवाज. "जो येतो तो म्हणतो, ताई, जरा इकडून वळा. आंटी, थोडा इस तरफ से. माझं पोरगंसुद्धा. तीन वर्षं झाली, मला सगळे मूर्तीसारखं फिरवून राहिले. तोंड माझं वाकडं झालं आणि लाज तुम्हाला वाटून राहिली! म्हणून उठून जाते मी. मला वाटलं, एक तू तरी येशील तो तुझा खटारा घेऊन आणि समोर बसशील. तीन वर्षं वाट पाहिली मी. आणि तू ठेल्याच्या मागून?"

तीस वर्षं मी लोकांचा माल नापास केला. त्या दिवशी मी स्वतः नापास झाले आणि अपील करायला काही जागाच नव्हती. मला रडू आलं. ताईनं मला रडू दिलं आणि मेथी निवडत राहिली. मग म्हणाली, "झालं असेल तर जा आता. आणि उद्या ये. उजेड चांगला असतो इथं सकाळी."

सकाळी मी जुना घेऊन गेले. त्याच्यावर पन्नासची लेन्स लावली, जी इंचभरही पुढे-मागे जात नाही. चेहरा मोठा हवा असेल तर आपणच उठून जवळ जायचं. मी बसायचा वेताचा मोडा सरकवत सरकवत इतकी जवळ गेले की ताईच्या गुडघ्याला माझा गुडघा लागला. तिनं अंघोळ करून नेसलेलं साधंच पातळ होतं. म्हटलं, बदलतेस का? नाही म्हणाली. खिडकीतून उजेड डाव्या गालावर पडत होता, वारं गेलेल्या. मी तिला वळ म्हटलं नाही.

खटॅक.

"बाई गं," ताई दचकून म्हणाली, "केवढा आवाज करतो हा!" आणि मग म्हणाली, "बरं आहे. माणसाला कळतं तरी, आपला फोटो काढून राहिले म्हणून."

मी वहीत दोष म्हणून लिहिलेल्या गोष्टीवर तिनं एका वाक्यात पासचा शिक्का मारला. मला हसू फुटलं, मला पाहून तिलाही, आणि ती मनमोकळी हसली तेव्हा तोंड पार उजवीकडे गेलं आणि डावा डोळा अर्धाच मिटला. मी दाबलं. खांदा ठणकत होता, ठणकू दे म्हटलं.

तो फोटो कारखान्यातल्या मापानं मी कधीच सोडला नसता. एक डोळा स्पष्ट, दुसरा किंचित पुसट, कडेला कालची उरलेली मेथीची जुडी, चौकटीत अर्धीच आलेली. पण ती ताई होती, मी चौथीत असताना माझं दप्तर लपवून अशीच हसलेली. फक्त हसू आता एका बाजूला झुकत होतं.

भाचा खाली आला, त्यानं कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"मावशी, हा नाही चालणार. मतलब, फोटो अच्छा आहे, पण हॉलमध्ये? सगळे लोक येतील. तिलवाऱ्याचाच देतो मी. नाहीतर हा दे, मी ॲपमध्ये टाकून थोडा सीधा करून घेतो. दोन मिनिटं लागतात."

"हात लावून बघ," मी म्हटलं. कॅमेरा छातीशी धरला. "कार्ड गिळून टाकीन, पण देणार नाही."

"अगं, तू काहून चिडतेस? मी आईसाठीच करून राहिलो न. लोक काय म्हणतील?"

"लोकांना म्हणायचं ते जेवण झाल्यावर म्हणू दे," ताई म्हणाली. मग तिनं त्याला समोर बसवलं, माझ्याच मोड्यावर. "इकडे पाहा. नाही, फोनमध्ये नाही, माझ्याकडे पाहा. हा फोटो मी गेल्यावर पण इथंच राहणार आहे. होय न? तेव्हा तुला कोण हवी आहे भिंतीवर? मी, की ती माशांना खाऊ घालणारी बाई?"

तो पाहत राहिला. इतक्या जवळून, इतका वेळ त्यानं तिच्याकडे तीन वर्षांत पाहिलं नसावं. ती नजर हलवेना. त्याचेच डोळे भरले. त्यानं हात पुढे केला आणि तिच्या डाव्या गालाला लावला, जरा भीत भीत, दुखेल की काय असं. तिथं दुखत नव्हतं. तिथं तर तिला स्पर्शही नीट जाणवत नाही, म्हणून तिनं त्याचा हात आपल्या हातानं दाबून धरला.

मग त्यानं नाक पुसलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "मावशी, जुना कॅमेरा आहे न तो... मोठा केला तर धूसर होऊन फाटणार तर नाही फोटो?"

"भिंतीएवढा कर," मी म्हटलं.