लाऊथची बस

आमची टिली आधी अगदी हळू गायची. माझ्या भावाची, कॉलिनची, एकुलती एक पोर. खोलीचं दार लावून स्वस्तातल्या कीबोर्डवर एकच रडगाणं, कुठल्याशा पोराने हिला टाकलं म्हणून. कॉलिन बाहेरून ओरडायचा, "अगं, त्याच्या तोंडावर जाऊन गा की!"

मग कॉलिन कामाला होता तो मासळीचा कारखाना बंद पडला, पुढे तोही गेला, आणि पोरीच्या गाण्यात आग उतरली. कर्कश गिटार आली, ड्रम बडवणारी मैत्रीण आली, सरकारचा उद्धार सुरू झाला. माझे कान किटले, पण ऐकायला तरुण पोरांची झुंबड.

शेवटी आलं ते बसचं गाणं. त्यात पुन्हा तोच हळू आवाज. इथे ग्रिम्स्बीत, आपल्याच गावात कुणी बघेल म्हणून बाप बस धरून पलीकडच्या लाऊथ गावात, गरिबांना फुकट शिधा देणाऱ्या फूड बँकेत जातो, एवढंच. ते रेडिओवर लागलं आणि लॉरेनवहिनीने लेकीशी बोलणं टाकलं.

"कुणाला कळू नये म्हणून तो तिकडे जायचा," ती मला म्हणाली, "आणि हिनं देशभर दवंडी पिटली!"

मला दोघींचंही पटायचं. फार वाईट अवस्था ती.

आमच्या गावातल्या कामगारांच्या क्लबात गाणारे बोलवायचं काम माझ्याकडे. वहिनीचा रविवार चुकत नाही, म्हणून मी मुद्दाम रविवारीच टिलीला बोलावलं.

"काका, आईसमोर तेच गाऊ?"

"तुझं तू बघ. पण चारला बिंगोचा खेळ आहे. उशीर झाला तर म्हातारे मला फाडून खातील."

तिने तेच गायलं. वहिनी कोट चढवून उठली. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून ट्रेव्हर बोलला. वीस वर्षं तो आणि कॉलिन याच क्लबात भिंतीवरच्या चकतीवर बाण फेकायचे.

"मीपण असायचो त्या बसमध्ये."

"कुठल्या?" वहिनी म्हणाली.

"लाऊथच्या. तो पुढे, मी मागे. उतरलो की तो वाकून बुटाची नाडी बांधत बसायचा, मी पुढे निघून जावं म्हणून. संध्याकाळी इथे खेळायचो, पण एक अक्षर नाही."

वहिनी त्याच्या टेबलाशी कॉलिनच्या रिकाम्या खुर्चीत बसली.

"निदान शेजारी तरी बसायचंस रे, ट्रेव्हर."

चार वाजून गेले, बिंगोचं कुणी नाव काढलं नाही. टिली गळ्यात गिटार घेऊन तशीच उभी होती. वहिनीने तिच्याकडे बघितलं नाही. माझी बाही ओढून म्हणाली,

"तिला सांग, नाडीचंही घाल म्हणावं त्यात."