छप्पन अंशांच्या खोलीतली कोंबडी

आजही कुठे अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी दिसली, की मी मनातल्या मनात तिला सलाम ठोकतो. बायको म्हणते, निवृत्तीनंतर तुमच्या डोक्यावर परिणाम झालाय. होऊ दे. पण मलकापूरच्या ठाण्यात मी अधिकारी असतानाचा तो गुन्हा आठवला, की सलाम आपोआप ठोकला जातो. नावं कुणाचीच सांगणार नाही. ज्यांनी भोगलं त्यांना कळेल, आणि ज्यांनी केलं त्यांना तर कळेलच.

फिर्याद घेऊन आला होता गावातला एक कारखानदार. तेलघाण्याची छोटी यंत्रं बनवायचा आणि परदेशात पाठवायचा. त्याचा एक अख्खा कंटेनर परदेशी बंदरातून परत आला होता. यंत्रं चोख होती. खोट निघाली यंत्रांखालच्या लाकडी पॅलेटमध्ये, म्हणजे माल ठेवायच्या फळ्यांच्या चौकटीत. तिकडच्या अधिकाऱ्यांना लाकडाचा भुसा दिसला, त्यांनी फळी फोडली, तर आत जिवंत अळी. झालं! माल न उतरवता कंटेनर जसाच्या तसा माघारी.

फिर्याद लिहून घेणारे आमचे हवालदार पेन खाली ठेवून म्हणाले, "साहेब, आरोपी म्हणून किडा लिहू काय?"

ठाण्यात हशा पिकला. कारखानदाराचा चेहरा मात्र पडलेलाच होता. तो म्हणाला, "हसू नका साहेब. त्या फळीवर शिक्का होता. सरकारमान्य शिक्का! तो पाहूनच मी माल चढवला. शिक्का खोटा निघाला तर माझ्याकडून पुन्हा कोण माल घेईल?"

शिक्का म्हणजे काय भानगड आहे, ते विचारायला मी केंद्राच्या वनस्पती संरक्षण खात्यातल्या एका अधिकाऱ्याला फोन लावला. भला माणूस. त्याने मास्तरासारखं समजावलं. जगातल्या बहुतेक देशांनी मिळून एक करार केला आहे. एका देशाच्या लाकडातला किडा दुसऱ्या देशाच्या रानात जाऊ नये म्हणून माल बांधायचं लाकूड गाभ्यापर्यंत छप्पन अंश तापवायचं, आणि सलग अर्धा तास तापतं ठेवायचं. मग त्यावर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह, देशाची खूण आणि तापवणाऱ्या केंद्राचा क्रमांक डागायचा. ती ओंबी पाहिली की कुठल्याही बंदरावर लाकूड अडवत नाहीत.

"एवढ्याशा किड्यासाठी?" मी विचारलं.

"तुमच्याकडे बोंडअळीनं काय केलं, ते विसरलात का साहेब?"

कापसाच्या मुलखात राहणाऱ्याला यापुढे सांगायला लागत नाही.

आता आरोपी. फिर्यादीत नाव होतं पिंपळगाव राजाच्या एका सुतार मिस्त्रींचं. पॅलेट त्यांनीच ठोकले होते. मलकापूरच्या बाहेर, महामार्गाच्या कडेला लाकूड तापवायचं एक मान्यताप्राप्त केंद्र होतं. फळ्यांवर क्रमांक त्याच केंद्राचा. पण केंद्राच्या मालकाने आम्हाला लेखी कळवलं, की ही लाकडं आमच्याकडे आलीच नाहीत. मिस्त्रीने आमच्या शिक्क्याची नक्कल करून घरीच डाग दिले असावेत. सोबत तापमानाचे छापील आलेख, रोजच्या रोजचे. कागद एकदम चकाचक. इतका चकाचक कागद दिसला की मला आधी संशय येतो. ही माझी जुनी खोड.

मिस्त्रींना नोटीस देऊन बोलावलं. साठीच्या पुढचे, पांढरी दाढी, डोक्याला जाळीदार टोपी, बोलणं अस्सल वऱ्हाडी. हातात कापडी पिशवी. समोर उभे राहिले ते बसेनात.

"बसा ना मिस्त्री."

"नाही साहेब, उभाच बरा हावो. एकच सांगतो. लाकूड मायं, ठोकणं मायं. शिक्का त्याईचा. मी माल त्याईच्या तिथं पाठोला, अन् तो डाग देऊनच वापस आला. अल्लाची कसम."

"पावती?"

"पावती मागतली तं म्हणे, घरचा मानूस तू, पावती कायले पायजे?"

ते निघाले तेव्हा मी विचारलं, पिशवीत काय आहे. त्यांनी उघडून दाखवली. एक लुंगी, एक टॉवेल, रक्तदाबाच्या गोळ्या आणि फडक्यात बांधलेली भाकर. अटक होणार असं धरूनच ते घरून निघाले होते. मग म्हणाले, "साहेब, न्यायचं तं इथूनच न्या. हातकडी घालून गावात नोका नेऊ. माया बापानं गावातल्या मशिदीचे दरवाजे केले अन् मंदिराचे बी. त्याच गल्लीतून मले तसं नोका नेऊ."

माणूस खरं बोलतोय, असं मला वाटलं. पण वाटणं हा पुरावा नव्हे. वरून फोन सुरू झाले होते. परदेशाशी संबंधित मामला, जिल्ह्याच्या व्यापाराचं नाव खराब होतंय, अटक का दाखवत नाही? मी म्हणालो, तपास चालू आहे. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, माझं तेच उत्तर. माणूस एकदा आत गेला की सुटला तरी गाव त्याला सुटलेला मानत नाही. आधी खात्री, मग अटक, हे मी ठरवून टाकलं होतं. बदली करायची तर करा म्हणावं!

मग एका सकाळी ठाण्यासमोरच्या टपरीवर चहा पीत होतो. एक मालवाहू टेम्पोवाला शेजारी येऊन उभा राहिला. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, "साहेब, ते मिस्त्रीचं लाकूड मीच नेलं होतं केंद्रावर."

"मग आजवर काऊन नाही बोलला बे?" रागावलो की मीही वऱ्हाडीवर येतो.

"मिस्त्री माया मावसा लागते. मायं कोन ऐकते? पन साहेब, मी लाकूड उतरवलं, तिथंच चहा मांगवला, अन् चहा संपला नाही तं पोट्टे डाग मारून माल गाडीत भरून बी राह्यले होते. तापवलं कधी?"

बातमी सोन्यासारखी होती, पण नातेवाइकाच्या तोंडची. कोर्टात वकिलाने तिची भुकटी केली असती. मला असं काही हवं होतं, जे मिस्त्रींचं कुणीच लागत नाही.

त्याच दुपारी केंद्राच्या मालकाला कालपर्यंतचे आलेख सही करून घेऊन यायला सांगितलं. इस्त्रीचा सफारी, अत्तराचा घमघमाट. मी चहा मागवला आणि अडाण्यासारखा चेहरा केला. अशा वेळी तो फार उपयोगी पडतो. समोरचा शिकवायला लागतो, आणि शिकवणारा माणूस नको तेवढं बोलतो.

"आम्हाला यातलं काही कळत नाही हो. तुमची ती खोली रोज तापते?"

"रोज म्हणजे रोज! काल तापवली, परवा तापवली. आंतरराष्ट्रीय मानक आहे साहेब, गंमत नाही."

"आणि आत एखादा उंदीर वगैरे राहिला तर?"

तो मोठ्याने हसला. "उंदीर? अहो, मुंगी वाचत नाही तिथं!"

हवालदारांनी शब्द न् शब्द उतरवला. मालकाने जबाब वाचला आणि झोकात सही केली. मी टोपी उचलली. "चला, एकदा दाखवा तरी आम्हाला ती खोली." पंच मी आधीच बाहेर बसवून ठेवले होते. मालकाचा हात खिशातल्या फोनकडे गेला. मी म्हणालो, "असू द्या, आमच्याच गाडीत बसा. गप्पा मारत जाऊ."

केंद्राचं आवार मोठं. एका बाजूला फळ्यांची थप्पी, टोकाला पत्र्याने मढवलेली ती खोली. आत हीटर होते, पंखे होते, भिंतीवर तापमापक होता. सगळं जिथल्या तिथं. क्षणभर मलाच वाटलं, गड्या, फसलो आपण.

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. कॉक्... कॉक्... कॉक्.

हवालदारांनी बॅटरी मारली. टोपल्यात गवत, गवतावर तांबडी कोंबडी, पिसं फुलवून आमच्याकडे अशी बघतेय की वॉरंट दाखवा, मगच आत या. हवालदार पुढे झाले तशी तिने त्यांच्या हातावर चोच हाणली. मागून राखणदाराची बायको धावत आली, "ओ साहेब, हात नोका लावू! अंड्यावर बसेल हाये ते!"

मालक ओरडला, "कोणी ठेवली ही इथं? आजच आणली असेल कुणीतरी!"

"आज?" बाईने कमरेवर हात ठेवले. "अमोशाच्या आधीपासून बसेल हाये ते. ह्या खोलीत कोनी येत नाही, जात नाही, मांजराचं भेव नाही. म्हून इथंच बसवली. खुडूक कोंबडीले जागेवरून हालवू नये, अंडे खराब होते. बसली तवापासून मीच दाना-पानी ठेवून राह्यली."

तिला बिचारीला कल्पनाच नव्हती ती काय बोलतेय याची. ती आपल्या कोंबडीची बाजू मांडत होती.

मी वाकून पाहिलं. कोंबडीच्या पोटाखालून एक अंडं अर्धवट बाहेर आलं होतं. त्याला तडा गेला होता आणि तड्यातून इवलीशी चोच आतून टोचत होती. सगळे बघत राहिले. पंचांपैकी एक शेतकरी होता. तो एवढंच म्हणाला, "मालक, इथं रोज छप्पन डिगरी राहते ना? मंग ह्या पिल्लाले कोनी सांगतलं नाही वाटते."

कालचा आलेख, परवाचा आलेख, त्यामागच्या कितीतरी दिवसांचे आलेख मालकाच्या सहीने माझ्या फाइलमध्ये होते. आणि त्या सगळ्या दिवसांत ही माउली आत बसून अंडी उबवत होती. हवालदारांनी पंचनाम्यात लिहिलं, 'एक तांबडी कोंबडी, अंड्यांवर बसलेली, जिवंत व आक्रमक.' 'आक्रमक' हा शब्द मी मुद्दाम खोडला नाही.

मालक बाहेर येऊन फळ्यांच्या थप्पीवर बसला. ठाण्यात आल्यावर फार ताणावं लागलंच नाही. वीज महाग, गॅस महाग, गिऱ्हाइकाला माल लगेच हवा; म्हणून जुनाच आलेख तारीख बदलून छापायचा आणि लाकडावर नुसताच डाग द्यायचा. कंटेनर परत आल्यावर तो घाबरला. मिस्त्रींकडे पावती नाही हे त्याला ठाऊक होतं, कारण ती त्यानेच दिली नव्हती. त्याला अटक झाली, शिक्का जप्त झाला, खात्याने मान्यता काढून घेतली. राखणदाराची बायको दोन दिवसांनी ठाण्यात येऊन काकुळतीने विचारून गेली, "पिल्लं जप्त नाही ना केली साहेब?" मी म्हणालो, "नाही बाई. सुखात राहू द्या."

मिस्त्रींना बोलावून सांगितलं, तुमच्यावर काही नाही, आता तुम्ही साक्षीदार. ते पहिल्यांदा खुर्चीवर बसले. टोपी काढून तिनेच डोळे पुसले. कारखानदार तिथंच होता. त्याने मान खाली घालून माफी मागितली. पुढचे पॅलेट त्यांच्याकडूनच घेतले, पण मिस्त्रींनी अट घातली: दुसऱ्या केंद्रावर लाकूड तापेपर्यंत मी स्वतः दाराशी उभा राहीन.

या गुन्ह्याने मला जगाचा व्यापार शिकवला. कुठल्या तरी दूरच्या सभागृहात अनेक देशांची माणसं एक नियम ठरवतात आणि तो खरा होतो की खोटा, हे मलकापूरच्या रस्त्यावरच्या पत्र्याच्या खोलीत ठरतं. हीटरचं बटण दाबणारा माणूस इमानी असला तर शिक्का सातासमुद्रापार चालतो. नाहीतर ती नुसती जळकी फळी.

हे सगळं मी मोठ्या रुबाबात सांगत असे. मग खटला उभा राहिला. साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात मिस्त्री भेटले. धुतलेले कपडे, डोक्याला नवी टोपी आणि हातात तीच कापडी पिशवी.

"अहो मिस्त्री, आज तुम्ही सरकारचे साक्षीदार. पिशवी कशाला आणली?"

ते ओशाळे हसले. "मले मालूम हाये साहेब. पन पोलिसाचा कागद आला की घरातले लोक पिशवी भरूनच देते. तुमच्यावर भरोसा हाये, पन..."

त्या ओंबीवर विश्वास ठेवून परकी बंदरं दार उघडतात. माझ्या खांद्यावरही सरकारी शिक्काच होता, आणि पिंपळगाव राजाचा हा म्हातारा त्या शिक्क्यासमोर लुंगी, टॉवेल आणि गोळ्या घेऊन येत होता. मी त्यांच्या हातातून पिशवी घेतली आणि साक्ष संपेपर्यंत ती धरून व्हरांड्यात उभा राहिलो.