मंडळीच्या कपाटातली जादूची पुस्तकं

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या हॉलमध्ये मुलांच्या पुस्तकांचं एक लोखंडी कपाट आहे आणि त्याची किल्ली बरीच वर्षं माझ्याकडे आहे. मी इथेच, नाशिकच्या एका शाळेत मराठी शिकवते. रविवारी उपासना झाली की तासभर हॉलमध्ये बसून मुलांना पुस्तकं द्यायची, आणलेली परत घ्यायची, हे माझं काम. कपाटात काय ठेवायचं तेही मीच ठरवते. एकदा पाळकसाहेबांनी विचारलं होतं, धार्मिक पुस्तकं जरा कमीच नाहीत का? मी म्हटलं, "ती त्यांच्या घरी आहेत, साहेब. इथे मुलं गोष्टींसाठी येतात." ते हसले आणि विषय तिथेच संपला.

मध्यंतरी मुलांच्या उड्या पडत होत्या त्या एका जाडजूड कादंबरीमालेवर. त्यातल्या मुलीला वारा बोलावण्याचा मंत्र येत असतो. डोंगरापलीकडच्या एका म्हाताऱ्या बाईकडे ती जादू शिकायला जाते आणि प्रत्येक भागात काहीतरी काळंकुट्ट तिच्या मागे लागतं. नवा भाग आला की सातपूरच्या कारखान्यांत शिफ्टवर जाणाऱ्यांची मुलं काय, बँकेत नोकरी करणाऱ्यांची काय, सगळी माझ्या टेबलाला चिकटून उभी राहायची. एरवी ज्यांना पाठ्यपुस्तक उघडवत नाही अशी मुलं ते वाचत होती. मी खूश होते.

मग उपवास-प्रार्थनेसाठी बाहेरगावचे एक उपदेशक आले. बोलायला चांगले होते. त्यांनी आवाज न चढवता सांगितलं की शास्त्रात जादूटोणा मना केलेला आहे आणि मुलांची ही पुस्तकं म्हणजे सैतानासाठी उघडं ठेवलेलं दार आहे. घरात असतील तर जाळून टाका, असंही म्हणाले. जाळलं कोणी नाही, पण पुढच्या रविवारी एकेक भाग माझ्या टेबलावर परत यायला लागला. बहुतेकांनी गुपचूप ठेवले. कंपनीत इंजिनियर असलेले एक गृहस्थ म्हणाले, "बाई, आमच्या मुलीला यातलं काही देऊ नका यापुढे." मी बरं म्हटलं. मुलगी त्यांची होती.

सगळ्यात शेवटी आली ती सरकारी दवाखान्यात सिस्टर असलेली बाई. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, पेठ तालुक्यातल्या डोंगरातली, लग्नानंतर नाशिकला आलेली. तिची मुलगी माझी सगळ्यात हावरी वाचक. सिस्टरने पुस्तक टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "हे मुलांच्या हातात देताना तुम्हाला काही वाटत नाही का?"

"तुम्ही वाचलंत का?"

"वाचायला कशाला हवं? मंत्र म्हणजे काय ते मला चांगलं माहीत आहे."

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला उत्तर देणं सोपं गेलं असतं.

पुस्तकांचं काय करायचं हे मंडळीच्या पंचांच्या बैठकीत ठरवू, असं पाळकसाहेब म्हणाले. त्यांनी मला आधी बोलावून घेतलं आणि माझं म्हणणं विचारलं. ते मला चाचपडत शोधावं लागलं नाही. मी म्हटलं, "साहेब, शास्त्राने मना केलंय ते भुताखेतांना कामाला लावून दुसऱ्याचं वाईट करणं, देवाला सोडून अशा शक्तींच्या मागे जाणं. गोष्टीतल्या मुलीने वारा बोलावला म्हणून वाचणारं पोर ते करायला जात नाही. लहानपणी मीही बोलणाऱ्या कोल्ह्याच्या गोष्टी वाचल्या. कोल्ह्याला नैवेद्य दाखवला नाही."

"हे तुम्ही सिस्टरला सांगितलंत?"

"नाही."

"मग आधी तिला सांगा. बैठकीत ती बोलणार आहे, आणि तिचंच ऐकतील लोक."

मी तिला फोन केला. वाद घालायला नको, म्हटलं, आपण दोघी मिळून वाचू, मग तुम्हाला पटेल ते बैठकीत बोला. तिने ड्यूटीचा तक्ता पाहिला. मग म्हणाली, "शनिवारी सकाळची ड्यूटी आहे. दुपारी येते."

आली. माझ्या घरी चहा झाला. मी मोठ्याने वाचायला लागले, कारण तिने पुस्तक हातात घेतलं नाही. पहिल्या शनिवारी ती नुसती ऐकत बसली. वारा बोलावण्याचा प्रसंग आला तेव्हा तिने खिडकीकडे पाहिलं, पण मला थांबवलं नाही. दुसऱ्या शनिवारी एका ठिकाणी तिला हसू आलं. जादू शिकवणारी ती म्हातारी स्वतःचा चष्मा शोधत असते, तिथे.

नंतरच्या एका शनिवारी आम्ही अशा प्रकरणाला आलो ज्यात डोंगराखालच्या वस्तीतली गुरं मरायला लागतात. लोक म्हणतात, हे त्या म्हातारीचंच काम, आणि दगड घेऊन तिच्या झोपडीकडे निघतात. मी वाचत होते. सिस्टर म्हणाली, "थांबा जरा."

मी पुस्तक खाली ठेवलं.

"माझ्या आईला असंच काढलं होतं गावातून," ती म्हणाली.

मला वाटलं आता ती रडेल. ती रडली नाही. दवाखान्यात एखाद्या पेशंटची माहिती सांगावी तशी सांगत गेली. ती तेव्हा सात-आठ वर्षांची होती. शेजारच्या घरातलं एक मूल तापाने गेलं, नंतर दुसरं आजारी पडलं. लोकांनी भगताला बोलावलं. त्याने सुपात तांदूळ घेतले, दाणे चाळवले, काहीतरी पुटपुटला आणि हिच्या आईकडे बोट केलं. भुताळी आहे म्हणाला, हिनेच खाल्लं पोर. काल ज्या बायकांबरोबर आईने भात लावला होता त्याच बायका अंगणात उभ्या राहून तिला शिव्या देत होत्या. वडील आधीच वारलेले. आईने हिला बरोबर घेतलं, हाताला लागली ती दोन भांडी घेतली आणि ती डोंगर उतरून खाली आली. मिशनच्या दवाखान्यात तिला झाडूपोछ्याचं काम मिळालं. पुढे बाप्तिस्मा झाला, मुलगी नर्सिंगला गेली.

"आई गावी परत गेली नाही कधी," सिस्टर म्हणाली. "आता याविरुद्ध कायदा आहे. तेव्हा असता तरी आमच्याकडे सांगणार कोण होतं? तुम्ही म्हणता मंत्र गोष्टीतला आहे. मला तो ऐकू येतो तेव्हा ते सूप दिसतं. माझ्या मुलीला त्यात मजा वाटते, हे मला सहन होत नाही."

त्या प्रकरणात पुढे काय होतं ते मला माहीत होतं. मी म्हटलं, "एवढं एक प्रकरण पुरं करू या? नको असेल तर राहू दे."

तिने पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः वाचायला लागली, मनात. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी लावली. पुढे असं होतं की नायिका धावत येते, वारा बोलावते आणि वारा येतच नाही. मंत्र फुकट जातो. मग ती म्हातारीच्या दारात जाऊन तिच्या शेजारी नुसती उभी राहते. दगड उचललेल्यांमध्ये नायिकेचे स्वतःचे काका असतात. तेच पहिल्यांदा हात खाली घेतात.

मी बाहेर आले तेव्हा सिस्टर त्याच पानावर होती.

"आईच्या शेजारी कुणीच उभं राहिलं नव्हतं," ती म्हणाली. नंतर विचारलं, "माझ्या मुलीने हे वाचलंय?"

"दोनदा."

"मला बोलली नाही."

"तिला तुमच्या आईचं माहीत आहे?"

तिने मान हलवली. नाही.

बैठकीत ती बोलायला उठली तेव्हा सगळ्यांना वाटलं पुस्तकं गेलीच. तिने आईचं सगळं सांगितलं. त्या खोलीतल्या बहुतेकांनी ते पहिल्यांदाच ऐकलं असणार. मग म्हणाली, "उपदेशक म्हणतात ते खोटं नाही. भगताकडे जाऊ नये, करणी-जादूटोण्यावर भरवसा ठेवू नये, हे मुलांना सांगायलाच हवं. पण ते पुस्तकं कपाटातून काढून टाकून सांगता येत नाही. पुस्तकं राहू द्या. मुलांशी मी बोलते."

इंजिनियर गृहस्थ म्हणाले की त्यांचं मत बदललेलं नाही. पाळकसाहेब म्हणाले, बदलायची सक्ती नाही, तुमच्या मुलीला दुसरी पुस्तकं मिळतील. तसं ठरलं.

पुढच्या रविवारी सिस्टर संडे स्कूलच्या मोठ्या मुलांसमोर बसली. स्वतःची मुलगी पुढेच होती, तिला ते घरी आधीच सांगून झालं होतं. सगळं ऐकून एका मुलाने विचारलं, "पण त्या भगताकडे खरी शक्ती होती का?"

"त्याच्याकडे लोकांची भीती होती," सिस्टर म्हणाली. "तेवढ्यावर त्याचं भागत होतं."

"आणि पुस्तकातल्या मुलीकडे?"

"तिच्याकडे जादू आहे. ती लेखिकेने दिलेली आहे. तुम्हाला कुणी देणार नाही, आशेवर राहू नका."

मुलं हसली. तिची मुलगी मात्र गंभीरपणे म्हणाली, "वारा आला नाही तेव्हाच ती मला जास्त आवडली." सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. मी कपाट उघडायला उठले, कारण पोरं पुस्तकांसाठी उभी राहायला लागली होती.

आता नवी पुस्तकं आम्ही दोघी मिळून निवडतो. ती माझ्याहून कडक आहे. मंत्र घालून वर्गातल्या मुलांची फजिती करणाऱ्या एका मुलाचं पुस्तक तिने कपाटात येऊ दिलं नाही. दुसऱ्याला खाली पाडून मजा घ्यायची, तर त्याच्यात आणि आईला काढणाऱ्या गावातल्या लोकांत फरक काय, असं तिचं म्हणणं. माझं म्हणणं की ते विनोदी आहे आणि शेवटी फजिती त्या मुलाचीच होते. यावर आमचं भांडण बरेच दिवस चालू आहे. ते पुस्तक सध्या माझ्या घरी आहे आणि गेल्या शनिवारी ती ते वाचायला घेऊन गेली.