सिस्टरची खोली

उंब्रजच्या पुढे, उसाच्या पट्ट्यातल्या एका गावात प्रियदर्शनी नर्स म्हणून आरोग्य उपकेंद्रावर आली, तेव्हा तिच्यासाठी बांधलेली मागची खोली रिकामीच होती. नोकरी कंत्राटी, ऑर्डर दरवर्षी नव्याने निघायची. गावातच मुक्काम करायचा ही त्यातली अट, आणि ती खोली तिचा हक्क.

गणपती उठले आणि तालीम मंडळाचे अध्यक्ष लालासाहेब दारात उभे राहिले.

"सिस्टर, स्पीकरच्या पेट्या भिजायला लागल्यात. चार दिस ठिवू का आत? तुमी काय परक्या हाय का!"

लसीकरणाला तेव्हा बायका येत नव्हत्या. मंडळाची पोरं घरोघर सांगत फिरली तर काम हलकं होईल, असं वाटून तिने किल्ली दिली. पोरं फिरलीही. पण पेट्यांमागून कमानी आल्या, जनरेटर आला, आणि ती उंब्रजला भाड्याने राहू लागली. सकाळच्या एसटीने यायचं, संध्याकाळच्या एसटीने जायचं. अख्ख्या गावाला ते ठाऊक होतं. तपासणीला कुणी आलं की लालासाहेबच ठणकावून सांगत, "सिस्टर हितंच ऱ्हात्यात." तिला ते उपकार वाटत.

आणि मग राहीबाईंची सून पिंकी एका दिवेलागणीला अडली. दिवस भरायला अवकाश होता, कुणीच तयारीत नव्हतं. राहीबाई उपकेंद्राकडे धावल्या. कुलूप. जीप मिळेस्तोवर उशीर झाला. मूल वाटेतच गेलं.

चौकशी लागल्याचं कळताच प्रियदर्शनी आधी लालासाहेबांकडे गेली.

"अध्यक्ष, एवढंच सांगा साहेबांना, की खोली मंडळाकडे होती."

"आवं सिस्टर, मंडळाचं नाव कशाला मधी? गाव पेटलंय हितं."

"तुम्हीच मागितली होती."

"मागितली की. तुमी न्हाई म्हनायचं हुतं."

चौकशीच्या सकाळी ती गावात उतरली, तर खोली झाडून-पुसून उघडी ठेवलेली. भिंतींना नवा चुना. तालुक्याहून आलेल्या अधिकाऱ्यांनी आत डोकावून पाहिलं.

"खोली तर बरी आहे. मग राहत का नव्हता?"

तिने सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत राहिले.

"किल्ली देताना वर कळवलं होतं?"

"नाही."

"मग आता तुमची बाजू मी कशाच्या आधारावर घेऊ, बाई?"

ते चिडलेही नव्हते. लालासाहेब बाजूला उभे राहून चपलेला लागलेला चिखल काठीने काढत होते.

तेवढ्यात पायरीवर बसलेल्या राहीबाई बोलल्या. "तिला इचारा, तवा कुठं हुती."

उत्तर एकच होतं, आणि ते खरं होतं. "उंब्रजला," प्रियदर्शनी म्हणाली. आपण इथे असतो तर ते कोवळं मूल वाचलं असतं का, हे तिला सांगता येत नव्हतं. तिला कुणी ते विचारलंही नाही.

तिची ऑर्डर पुन्हा निघाली नाही. मुदत संपेपर्यंत मात्र काम चालूच ठेवायचं होतं. शेवटच्या लसीकरणाला पोरांना काखेत घेऊन बायका आल्या. कुणी तिच्या नजरेला नजर देत नव्हतं, पण पोरांच्या मांड्या बिनबोभाट पुढे करत होत्या. समोरच्या रस्त्याने राहीबाई पिंकीला धरून रानाकडे चालल्या होत्या. पिंकी जराशी थबकली. राहीबाईंनी तिला पुढे ओढलं.

प्रियदर्शनीने पुढच्या बाळासाठी नवी सुई काढली.