नुसरतच्या मांडीवरचा वण

इस्फहानच्या पलीकडे, रेताड माळाच्या कडेच्या गावात तूबा तंदूरच्या रोट्या भाजून विकायची. तिच्या डाव्या गालावर खजुराच्या बीएवढा खोलगट वण होता. सालक नावाच्या रोगाचा. बारीकशी माशी चावते, फोड उठतो, वर्षभर चिघळतो आणि जाताना खूण ठेवून जातो. त्या खुणेपायी तूबाची दोन स्थळं मोडली. तिसऱ्याने पत्करलं, तो बिजवर होता.

एवढं मात्र गावातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या जाणून होत्या, की एकदा सालक येऊन गेला की सहसा पुन्हा येत नाही.

म्हणूनच शेजारच्या पोराला सालक आल्याचं कळलं, तशी तूबा सुई घेऊन लेकीकडे, नुसरतकडे गेली. नुसरतची मुलगी तेव्हा आठ महिन्यांची होती.

"त्याच्या फोडातलं टिपूसभर पाणी हिच्या मांडीला ओरखडा काढून लावू. मांडी कोण बघतंय? चेहरा तरी वाचेल."

नुसरतने पोरीला छातीशी धरलं. "धडधाकट लेकराला आपल्या हाताने रोग लावायचा?"

"तुला लावला होता मी."

नुसरतचा हात आपल्या मांडीकडे गेला. मांडीवरचा वण तंदूरच्या चटक्याचा, असंच तिला आजवर सांगितलं होतं.

"तुझा फोड सव्वा वर्ष वाहत होता," तूबा म्हणाली. "मला वाटायचं, ही गेली तर मीच मारली. तुझे बाबा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत."

"मग मला खोटं का सांगितलंस?"

"कोणत्या तोंडाने खरं सांगू?"

दोघी दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "खानम, तुमचं म्हणणं खोटं नाही. शरीर एकदा झुंजलं की त्या जंतूची ओळख ठेवतं. पण दुसऱ्याच्या फोडातून आणखी कोणता रोग येईल, सांगता येत नाही. आणि फोड किती वाढेल, तेही आपल्या हातात नसतं. बारीक जाळीची मच्छरदाणी लावा."

मच्छरदाणी तूबानेच शिवली.

तरी तिसऱ्या उन्हाळ्यात पोरीच्या कोपरावर फोड उठलाच. दवाखान्यातली इंजेक्शनं चालू होती, आणि तूबा रोज पाणी उकळून, निववून तो धुवायची.

"'मी सांगत होते ना', असं कसं म्हणत नाहीस?" नुसरतने एकदा विचारलं.

"कोण बरोबर होतं, ते मला अजून कळलेलं नाही," तूबा म्हणाली. "हात धर तिचा, हलतेय."

पाच महिन्यांनी फोड बरा झाला.