कनातीतून आलेले तीन हात

अठ्ठेचाळीस सालचा पावसाळा संपता संपता आमच्या मेडिकल तुकडीची पोस्टिंग पिंगळी स्टेशनाजवळच्या माळावर झाली. मी नाईक होतो, नर्सिंग ऑर्डर्ली. माझं गाव ताडकळस तिथून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, पण फौजेत गेल्यापासून घर दोनदाच पाहिलेलं. ब्रह्मदेशच्या आघाडीवर गोळीपेक्षा हगवणीनं माणसं जास्त मरताना पाहिली होती. त्यामुळे या कामातलं सगळं आपल्याला कळतं, अशी माझी समजूत. मिजासच म्हणा ना.

निजामाच्या राज्याच्या शेवटच्या वर्षात जीव मुठीत धरून वऱ्हाडात गेलेली माणसं आता परतत होती. हिंगोलीपर्यंत पायी, तिथून रेल्वेनं पूर्णा, पूर्ण्याहून पिंगळी. तिकडच्या छावण्यांत पटकी, म्हणजे कॉलरा, शिरली होती. ती गावोगाव पोचू नये म्हणून ऑर्डर अशी होती, की आलेल्या माणसाला दहा दिवस तारेच्या आत ठेवायचं, पहिल्या दिवशी पटकीची सुई टोचायची आणि अकराव्या दिवशी सोडायचं. माणसं आम्हाला लय शिव्या घालायची. घर दहा-वीस मैलांवर आलेलं आणि आम्ही तारेआड कोंडलेलं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही घातल्या असत्या.

०५३० ला विहिरीत ब्लीचिंग पावडर. ०६०० ला यादी घेऊन तंबूंची फेरी. ०८०० पासून चर खणणं, चुना टाकणं. विहिरीवर दोन जवानांचा पहारा असे. पण त्या पाण्याला औषधाचा वास यायचा, म्हणून बायका आमची नजर चुकवून ओढ्याचं पाणी भरायच्या. कुठं कुठं डोळे ठेवणार?

रखमाबाई दोन सुना घेऊन आल्या त्या याच छावणीत. घराणं जमीनदाराचं, बायका गोषात. धामधूम सुरू झाली तेव्हा दोन्ही लेकांनी बायका आईच्या हवाली केल्या आणि आपण मागं राहिले. आता ते गावी वाट बघत होते. जशा हवाली केल्या तशाच परत हवाली करायच्या, मग मी डोळे मिटायला मोकळी, असं रखमाबाई ज्याला त्याला सांगायच्या.

सुई टोचताना अडलं. गोषातल्या बायका पुरुषासमोर दंड उघडा करीनात. आमचे कॅप्टनसाहेब मद्रासकडचे, तापट. जबरदस्ती करा म्हणाले. मी अक्कल चालवली. एक कनात ताणली आणि तिला छातीएवढ्या उंचीवर भोक पाडलं. बाईनं पलीकडून हात घालायचा, मी अलीकडून टोचायचं, ना तिनं मला बघायचं ना मी तिला. साहेबांनी पाठ थोपटली. मी दिवसभर हवेत होतो.

रखमाबाईंची पाळी आली १७०० नंतर. सूर्य बुडायच्या आत रिपोर्ट द्यायचा होता. पहिला हात आला तो डावा. मनगटाच्या वर गोंदलेलं तुळशीवृंदावन, त्यावर तव्याच्या चटक्याचा आडवा डाग. टोचलं. दुसरा हात उजवा. टोचलं. तिसरा हात पुन्हा डावा. वृंदावन तेच, डाग तोच, आणि दंडावर माझ्याच सुईचा ताजा ठिपका. खोटं कशाला बोलू? मी तो पाहिला. पाहिला आणि दोन बोटं सोडून तिथंच टोचलं. मागं मोठी रांग होती, उजेड चालला होता आणि माझं डोकं उठलं होतं. यादीत तिन्ही नावांपुढं खूण केली. रखमाबाईंना तीन दिवस फणफणून ताप भरला. औषध लागू पडलंय, असं मीच त्यांना सांगितलं.

दहाव्या दिवशी ०६०० च्या फेरीत थोरली सून कौसल्या आणि धाकटी द्वारका, दोघी जुलाबानं बेजार होत्या. मी यादी पाहिली. दोघींपुढं खूण होती. टोचलेल्या आहेत, म्हणजे शिळंपाकं खाल्लं असेल, असं ठरवून पोटाची पुडी दिली आणि पुढं गेलो. उद्या सुटका म्हणून तंबूत बोचकी बांधून ठेवलेली होती.

११०० ला रखमाबाई गोषा सोडून भर माळावर मला शोधत आल्या. जाऊन बघतो तर तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, डोळे खोल गेलेले, बोटांची कातडी सुरकुतलेली. ही पटकी होती. नाडी बघायला कौसल्येचा डावा हात धरला. हात कोरा. द्वारकेचाही कोरा. दोघींच्याही हातावर ना वृंदावन, ना डाग. 

रखमाबाईंना विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही.

"परक्या मानसाच्या हातात सुनांचा हात कसा देऊ, बाबा? त्येंच्या वाटचं मीच घेतलं. लेकरांसाठी उपास धरतोच की आपुन. तसंच ते."

साहेबांना जाऊन सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "तुमने देखा था?"

"हां साहब."

"बाद में. सलाइन लाओ."

सलाइनच्या दोनच बाटल्या शिल्लक होत्या. वायरलेसवर परभणीला कळवलं. "पटकी, दोन केस. सलाइन दोन बाटल्या. तातडीनं पाठवा. ओव्हर." उत्तर आलं, "रस्ता बंद. ट्रक निघत नाही. पुढची गाडी १७३०. ओव्हर."

दोन बाटल्या एकीलाही पुरणाऱ्या नव्हत्या. साहेबांनी दोघींना एकेक लावली. १३०० ला त्या संपल्या. मग उकळून गार केलेलं मीठपाणी चमच्यानं पाजत बसलो. पोटात गेलं की उलटून बाहेर. सकाळचे पाच तास माझ्या एका खुणेनं खाल्ले होते, आणि आता मी घड्याळाकडं बघत होतो.

एकीचं औषध दुसरीला लागत नाही, हे रखमाबाईंना मी सांगून टाकलं होतं.  मग चोळीच्या बाह्या वर सारून त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढं धरले.

"तिघींचं औषध माझ्या अंगात हाय. काढून घ्या आन त्येनला घाला. माझ्या वाटचं बी घ्या."

"मावशी, तसं होत न्हाई."

"घालता येतंय आन काढता येत न्हाई व्हय?"

मी तंबूच्या मागं जाऊन रडलो.  परत आलो तरी रखमाबाईंचे हात तसेच पुढं होते.

कौसल्या १४१० ला गेली. द्वारका १६५५ ला. गाडी १७३० ला वेळेवर आली आणि आम्ही सलाइनच्या दोन पेट्या उतरवून घेतल्या. त्यांच्या जोरावर पुढं बरीच माणसं वाचली, हेही खरं आहे. त्या संध्याकाळी मात्र मला त्या पेट्यांना हात लावावासा वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी ०८०० ला लेकांची बैलगाडी तारेपाशी आली. दोघं भाऊ होते. गाडीत नवी गोधडी अंथरलेली, बायकांसाठी वर पडदा बांधलेला. पटकी निघाली म्हणून साऱ्या छावणीला नव्यानं दहा दिवस लागले होते, त्यामुळे रखमाबाईंनाही सोडता येत नव्हतं. त्या तंबूबाहेर येईनात. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी तारेपर्यंत गेलो, सावधान उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, दंडावरचा ठिपका मी पाहिला होता तेही. मारतील असं वाटत होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं. थोरला काटेरी तार मुठीत धरून उभा होता.

"पानी मागितलं व्हतं का तिनं?"

"हो."

"दिलं?"

"शेवटपर्यंत देत होतो."

त्यानं मान हलवली. धाकटा खाली मान घालून गाडीच्या पडद्याच्या गाठी सोडायला लागला.

चौकशी झाली, माझ्या बाहीवरची एक फीत उतरली. मला ती शिक्षा कमीच वाटली. अजून कधी कधी जुने सोबती जमतो आणि गेलेल्यांची नावं घेतो. माझी पाळी आली की मी ब्रह्मदेशात पडलेल्या आमच्या दोघा जवानांची नावं घेतो, आणि त्यांच्या मागोमाग आणखी दोन. कौसल्या, वय एकोणीस. द्वारका, वय सतरा. नव्या पोरांना वाटतं, म्हाताऱ्याच्या घरातल्याच कुणी असतील. मी नाही म्हणत नाही.