मिसळणाच्या डब्यातली पाच तत्त्वे

१६ फेब्रुवारी, दुपारी ३ वाजून ४० मिनिटे. स्टेट कॉलेज या अमेरिकी विद्यापीठ-गावातल्या आमच्या अपार्टमेंटच्या ओट्यावर मी मिसळणाचा डबा रिकामा केला. दुसऱ्या दिवशी तीन प्राध्यापकांसमोर मला दहा मिनिटांचा नमुना-पाठ द्यायचा होता. विषय होता चिनी वैद्यकातील पाच तत्त्वे. तो पटला, तर विज्ञानाच्या इतिहासाचा उन्हाळी वर्ग मी एकटी शिकवणार होते. रसायनशास्त्रात पीएचडी करणाऱ्या मला तो वर्ग हवाच होता.

माझी पहिलीच स्लाइड मात्र फसली होती. सवयीने मी पंचमहाभूतांशी जोड्या लावल्या, आणि वायू व आकाश यांच्यासमोर लाकूड आणि धातू येऊन बसले. माझ्या चिनी रूममेटच्या आई, निवृत्त वैद्य, तेव्हा लेकीकडे आल्या होत्या. स्लाइड पाहून त्या खळखळून हसल्या. रूममेट भाषांतर करत होती.

"ही काय सामानाची यादी आहे? कोण कोणाला पोसतं, कोण कोणाला आवरतं, ते सांग."

"मावशी, तुम्हीच दाखवा."

त्यांनी पाच वाट्या वर्तुळात मांडायला लावल्या. प्रत्येक तत्त्वाची एक चव. लाकडाचे आंबट आमसूल, अग्नीची कडू मेथी, मातीचा गोड गूळ, धातूची तिखट मिरी, पाण्याचे खारट मीठ. लाकूड अग्नीला पोसते, अग्नीची राख मातीला, माती धातूला, धातू पाण्याला, पाणी पुन्हा लाकडाला. एक वाटी सोडून पुढच्या तत्त्वाला मात्र प्रत्येक जण आवरतो.

म्हणजे पाणी अग्नीला, खारट कडूला! कारल्याला मीठ चोळणारे माझे हात हे कधीपासून जाणत होते. आणि हे विधान तपासता येत होते. मी तत्काळ तक्ता आखला, रूममेटचे डोळे ओढणीने बांधले आणि प्रत्येक जोडी कोमट पाण्यात कालवून तीनदा चाखायला दिली.

मिठाने मेथीला तिन्ही वेळा नमवले. आमसुलाने गुळाला, गुळाने मिठालाही. मेथीने मिरीचे काही वाकडे केले नाही. मिरीसमोर आमसूल एकदाच नरमले.

"अजून एकदा," मी म्हणाले.

"मेथी पुन्हा दिलीस तर मी घर सोडेन!"

मी ओशाळून वळले. "मावशी, दोन जोड्या जमल्या नाहीत."

"मग तसंच लिही. माझं औषध प्रत्येकाला लागू पडतं, असं मी कधी म्हटलं?"

दुसऱ्या दिवशी मी त्याच वाट्या घेऊन गेले. शेवटी ज्येष्ठ प्राध्यापिकेने अपेक्षित प्रश्न विचारला: "मग हे खरं आहे की नाही?"

"परस्परसंबंधांचा नकाशा म्हणून देखणं आहे. जिभेपुरतं विचाराल, तर एकच जीभ, एकच दुपार," असे म्हणून मी फळ्याकडे वळले आणि आकडा लिहिला.

त्यांनी मेथीचे पाणी चाखले, तोंड वेडेवाकडे केले, चिमूटभर मीठ घालून पुन्हा चाखले. "उन्हाळ्यात पहिला तास हाच घ्या," त्या म्हणाल्या. "आणि ते पुसू नका."

फळ्यावर होते: ५ पैकी ३.